शून्यावर आणलेली खाडी

“काका, बटण फिरवू नका. राहू द्या तसंच.”

काकांचा हात बटणापाशी जाऊन थांबला. एकतीस वर्षे हा हात या क्षणी याच बटणावर जात आला होता. शिसे मोजणाऱ्या मशीनचा दिवा वीस मिनिटे तापू द्यायचा, ज्योत निळी आणि स्थिर झाली की खाडीच्या गाळाचे द्रावण बारीक नळीतून आत सोडायचे. काटा जरा डुगडुगून वर जायचा; कुठवर गेला, ते कोणी वाचत नसे. मग बटण फिरवून त्याला शून्यावर आणायचे आणि त्यानंतर बंदरातल्या गाळाची पाळी. प्रयोगशाळेत सगळे त्यांना गाळकाका म्हणत, ते काही उगाच नव्हे.

“शून्य नाही लावलं तर मोजायचं कुठून, मॅडम?”

“लावलंय ना मी. नुसत्या अ‍ॅसिडच्या पाण्यावर. आता खाडीचा गाळ स्वतः किती दाखवतो ते बघू.”

“खाडीचा शून्यच असतो.”

“असेल. बघू तर.”

मॅडम चार महिन्यांपूर्वी प्रमुख म्हणून आल्या होत्या. वयाने काकांच्या निम्म्या, पण कधी आवाज चढवला नाही की काकांच्या आधी खुर्ची ओढली नाही. त्यांनी बाहेरून एक सीलबंद बाटली मागवली होती. तिच्यात कुठल्याशा दूरच्या, माणसाचा हात न लागलेल्या किनाऱ्याचा गाळ होता आणि सोबतच्या कागदावर त्यात शिसे किती, तांबे किती, जस्त किती, सगळे छापलेले होते. मशीन खरे बोलते का हे पाहण्यासाठी ती बाटली. ती आधी लावून झाली होती. कागदावर किलोभर गाळात बावीस मिलिग्रॅम शिसे होते. मशीननेही बावीसच दाखवले. जुने मशीन अजून ठणठणीत आहे म्हणून काकांना इतके बरे वाटले, जणू डॉक्टरांनी त्यांचीच छाती तपासली होती.

आता खाडीचा गाळ आत गेला. काटा उठला. विशी-पंचविशीपाशी रेंगाळेल असे काकांना वाटले, पण तो रेंगाळला नाही. शंभर झाले, दोनशे झाले. काकांनी वाकून नळी नीट बसली आहे ना ते पाहिले. काटा तीनशे शहाऐंशीवर जाऊन उभा राहिला आणि मुळीच डुगडुगेना.

“नळी धुऊन परत घेऊ,” काका म्हणाले.

परत घेतले. तीनशे चौऱ्याऐंशी.

“बरण्यांची अदलाबदल झाली असणार. हा बंदराचा आहे.”

पण बरणीवरचे अक्षर काकांचेच होते, आणि काकांनी जन्मात कधी दोन बरण्यांची झाकणे एका वेळी उघडली नव्हती. बंदराचा गाळ वेगळा लावला. चारशे वीस. मॅडमनी दोन आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी केली. चौतीस आले.

“मागच्या तिमाहीला बंदराचं शिसं किती लिहिलंय आपण?”

“एकतीस,” काका म्हणाले. “मर्यादेच्या पुष्कळ आत.”

ज्योत फुरफुरत राहिली. काकांनी समोरची नायलॉनची चाळणी उचलली, नळाखाली धरली आणि चांगली घासून धुतली. ती धुतलेलीच होती.

ही पद्धत काकांनी काढलेली नव्हती. ती मोठ्या साहेबांची. साहेब जाऊनही आता बरीच वर्षे झाली. नवे मशीन आले तेव्हा त्यांनी तरुण काकांना समोर बसवून समजावले होते, “हे बघा, मातीत थोडं शिसं असायचंच. ते निसर्गाचं. ते शून्यावर आणा. वर उरेल ते माणसाचं. आपल्याला माणसाचं मोजायचंय.” काकांना ते इतके पटले की पुढे कोणी नवीन माणूस कामावर आला की ते हेच वाक्य, याच शब्दांत, जमिनीकडे पाहत त्याला सांगत.

निसर्गाचे शिसे मोजायला स्वच्छ जागा हवी होती. बंदरापासून बसने दोन तासांवर एक खाडी होती, जिथे ना जहाज ना कारखाना. ती काकांनीच सुचवली, कारण धाकटी बहीण लग्न होऊन तिथेच गेली होती. पहिल्या वर्षी साहेब आणि काका जाऊन पोतेभर गाळ घेऊन आले. साहेब म्हणाले, “वाळवून ठेवा. दहा वर्षं पुरेल.”

त्यावर काका, जे साहेबांपुढे सहसा तोंड उघडत नसत, म्हणाले, “ताजा आणलेला बरा, साहेब. दर तिमाहीला. जुना झाला की बदलतो.”

साहेब चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहत राहिले. “बहिणीला भेटायचंय म्हणा की सरळ,” म्हणाले आणि हसत सही करून टाकली.

तेव्हापासून वर्षातून चार वेळा काका डबा घेऊन खाडीवर जात. लग्न त्यांचे राहून गेले होते. कोणी विचारले की “जमलं नाही” म्हणत, पुस्तक उघडत आणि विषय संपे. माणसांत जायचे ते या चार दिवसांत. ओहोटीला चिखलात उतरून, हवेला आणि लोखंडाला न लागलेला मधला गाळ प्लॅस्टिकच्या चमच्याने उचलायचा, डब्यात भरायचा, बर्फात ठेवायचा. मग हातपाय धुऊन बहिणीकडे जेवायचे. परतताना ती निरोप द्यायला रस्त्यापर्यंत येई आणि दर वेळी म्हणे, “ने बाबा, ने आमचा चिखल. तेवढंच आहे आमच्याकडे न्यायला.”

“काका,” मॅडम हळूच म्हणाल्या, “जुन्या वर्षांचा खाडीचा गाळ कुठे शिल्लक असेल का?”

होता. दर वर्षीची एक बरणी काकांनी जपून ठेवली होती. का ठेवली हे त्यांना सांगता आले नसते. स्टोअरवाला गेली पंधरा वर्षे विचारत होता, “काका, ह्यांना पेन्शन कधी द्यायची? माझं एक अख्खं कपाट अडलंय.” आज त्याने किल्ल्या काढल्या आणि काकांचा चेहरा पाहून नेहमीचे वाक्य गिळले.

दुसऱ्या दिवशी सहा बरण्या लावल्या. बटणाला काकांनी हातही लावला नाही. पहिल्या वर्षीचा गाळ: एकोणीस. काकांनी श्वास सोडला. जागा चुकलेली नव्हती, जागा खरोखर स्वच्छ होती. तिसऱ्या वर्षी बावीस. सहाव्या वर्षी एकोणसत्तर. अकराव्या वर्षी एकशे अठ्ठावन्न. विसाव्या वर्षी दोनशे ऐंशी. पुढची बरणी मॅडमनी उघडायला घेतली तेव्हा काका म्हणाले, “कळलं मला,” आणि मग, “लावा. लावायला पाहिजे.”

पाचव्या वर्षी बंदराचा मार्ग खोल करायचे काम निघाले होते आणि तेव्हापासून ते थांबले नव्हते. तळाशी साचलेला गाळ उपसून, तळ उघडणाऱ्या बोटींत भरून दूर समुद्रात नेऊन टाकायचा असा ठेका होता. जहाजांच्या बुडाचा खरवडलेला रंग, गोदीत सांडलेले सगळे काही त्या गाळात होते. दूर म्हणजे किती दूर नेत होते, ते पाहायला त्यांच्याबरोबर कोणी जात नव्हते.

मॅडमनी जुनी फाइल काढली. तिच्यात अकरा वर्षांपूर्वीचे एक पत्र होते, खाडीवरच्या लोकांचे. वारा सुटला की बोटी खोल पाण्यात जात नाहीत, खाडीच्या तोंडाशीच तळ उघडतात, पाणी दोन दोन दिवस काळे राहते, कृपया तपासणी व्हावी. त्याखाली प्रयोगशाळेचे उत्तर होते. खाडीच्या गाळात शिसे: शून्य. तांबे: शून्य. जस्त: शून्य. तपासणाऱ्याची सही स्वच्छ, वळणदार, काकांची.

काकांनी ते तीनदा वाचले. एकही अक्षर खोटे लिहिलेले नव्हते. काट्याने शून्यच दाखवले होते, कारण काट्याला शून्यावर त्यांनीच आणले होते. ते स्टुलावर टेकले आणि का कोण जाणे, मॅडमना म्हणाले, “तुम्ही चहा घेणार का?”

“काका, हे मी आजच वर कळवतेय. खाडीवरच्या लोकांना रीतसर पत्र जाईल.”

“कधी?”

“महिना लागेल. दीडही लागेल.”

“तिथे शिंपल्या काढतात,” काका म्हणाले. “रोज. बहिणीच्या सुनेला पाचवा महिना आहे. आधी दोनदा टिकलं नाही. अंगात रक्त कमी म्हणून बहीण तिला रोज शिंपल्यांचं पाणी देते. मीच सांगितलं होतं, खुशाल दे, चिखल माझ्या नजरेखालचा आहे म्हणून.” मग त्यांनी विचारले, “मॅडम, ते दोनदा… त्याच्यामुळे असेल?”

“तसं ठामपणे कुणालाच सांगता येणार नाही, काका. पण नाही असंही मी म्हणणार नाही. तिचं रक्त तपासून घ्यायला हवं. मी चिठ्ठी देते. आणि शिंपल्या आजपासून बंद.”

“मी जातो,” काका म्हणाले.

सकाळच्या पहिल्या बसने ते निघाले. डबा नव्हता म्हणून हात कुठे ठेवावेत हे त्यांना दोन तास समजले नाही. चिठ्ठी वरच्या खिशात होती. तिच्यावर ते दर थोड्या वेळाने बोटे टेकवत. काय बोलायचे ते मनात मांडून पाहत होते, पण प्रत्येक वेळी पहिलेच वाक्य मोठ्या साहेबांचे येई.

बहीण दारातच होती. “अरे, आज कसा? तिमाही कुठे भरलीय अजून?” तिने त्यांच्या मागे पाहिले. “आणि डबा कुठाय?”

“आज गाळ न्यायचा नाही.”

“म्हणजे फुकट आलास? नुसता मला बघायला?” ती हसली. “लेक्चर द्यायला आला असशील. ये आत. सूनबाई, मामा आलेत गं. रिकाम्या हातांनी आलेत, कॅलेंडरवर खूण करून ठेव.”

सून खिडकीशी बसली होती. हातात वाटी, वाटीत करडे, वाफाळते पाणी. ती उठू लागली. “बसा मामा. तुम्हाला पण देऊ ना वाटीभर? आत्ताच उकळलंय.”

काकांनी पुढे होऊन ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली. आयुष्यात त्यांनी कोणाच्या हातातले काही घेतले नव्हते; दुकानातही ते कोणी देईपर्यंत उभे राहत. वाटी गरम होती. ती कुठे ठेवावी ते न कळून ते खोलीच्या मधोमध ती धरून उभे राहिले आणि त्यांची बोटे भाजू लागली.

“दादा,” बहीण म्हणाली. आता ती हसत नव्हती. “काय झालं?”

त्यांनी सांगितले. धड सांगता आले नाही. आधी सहाव्या वर्षाची बरणी सांगितली, मग पहिल्या वर्षाची, मग बोटींचे, मग परत बरणीचे. शिसे म्हणजे काय, ते शिंपल्यांत कसे साठते, पोटात गेले की काय करते, सगळे आकड्यांत अडकले. बहिणीने त्यांना मध्येच थांबवले.

“थांब. तुझ्या कागदावर शून्य होतं. मी स्वतः वाचलंय.”

“होतं. तुमच्याच चिखलावर मी काटा शून्य करायचो. मग तुमचा चिखल शून्यच दिसणार.”

“म्हणजे घड्याळ बरोबर आहे का, हे त्याच घड्याळात बघायचं, तसं?”

“तसंच.”

“एकतीस वर्षं?”

“पहिली चार वर्षं बरोबर होतं.”

ती खाली बसली. तिचे डोके नेहमी चांगले चाले. शाळेत काकांपेक्षा तिलाच गणित येई. “पण मग,” ती सावकाश म्हणाली, “पहिल्या वर्षीचा चिखल होता ना तुझ्याकडे? पोतंभर नेला होतात. तोच वापरला असता, तर बंदराचा आकडा वाढत गेलेला तुला दिसला असता, आणि आमचा शून्यही आला नसता.”

“हो. बंदराचा घाण गाळ कुठेतरी जातोय, हेही कुणी विचारलं असतं. लगेच.”

“मग दर वेळी नवा का न्यायचास? साहेबांचा हुकूम होता?”

“नाही. साहेब म्हणाले होते, जुना पुरेल. मीच म्हटलं, ताजा हवा.”

“का?”

काका फरशीकडे पाहत राहिले. बहीण उत्तराची वाट पाहत होती, आणि वाट पाहता पाहताच ते तिला मिळाले. तिने हनुवटी वर केली आणि भिंतीकडे तोंड केले.

“वर्षातून चारदा,” ती म्हणाली. “मी मुलांना सांगायची, मामाला यावंच लागतं, कामच तसं आहे त्याचं. नसतास आलास तर बरं झालं असतं, दादा.”

ती हे रागाने म्हणाली नव्हती. एखादी गोष्ट मोजून पाहावी आणि जे निघेल ते सांगावे, तशी म्हणाली होती. काकांनी मान हलवली. तिच्या हिशोबात त्यांना चूक सापडली नाही.

सून इतका वेळ आपल्या नखांकडे पाहत होती. “मामा,” तिने विचारले, “ती दोघं पण ह्यानेच गेली का?”

“मला माहीत नाही, बाळा. मॅडमनाही ठाऊक नाही. सांगता येत असतं तर सांगितलं असतं. ही चिठ्ठी घे. सोमवारी मोठ्या दवाखान्यात जायचं, रक्त तपासतील. मी येईन बरोबर, चालत असेल तर.”

तिने चिठ्ठी घेतली, उलटसुलट पाहिली आणि पुन्हा घडी केली. “चालेल,” म्हणाली. मग उठली, काकांच्या हातातली वाटी घेतली, मोरीत ओतली आणि ती तिथे घासत बसली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बहिणीने पायांत चपला सरकवल्या. “ऊठ. ओहोटी लागलीय, बायका खाली आहेत. आत्ता नाही सांगितलं तर संध्याकाळी घरोघर शिजेल.”

“तू सांगशील ना? तुझं ऐकतात.”

“मी एकदा सांगितलंय. त्या पत्राचं उत्तर आलं तेव्हा शाळेत सगळे जमले होते. लोक पेटले होते, बोटी अडवायला निघाले होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझा भाऊ तपासतो, शून्य आहे, कशाला भांडता. तुझ्या जिवावर उभी राहिले होते मी.” तिने दार उघडले. “आता मी बरोबर येते. पण बोलायचं तू.”

चार माणसांपुढे काकांनी कधी भाषण केले नव्हते. प्रयोगशाळेने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल सत्कार केला तेव्हा ते आजारी पडून घरी राहिले होते. पण बहीण पुढे निघाली होती, म्हणून ते मागे गेले.

खाडी लांबवर उघडी पडली होती. पंधरा-वीस बायका गुडघाभर चिखलात वाकून बोटांनी शिंपल्या शोधत होत्या आणि पाठीमागच्या टोपल्यांत टाकत होत्या. ऊन चिखलावर चमकत होते. तो इतका सुंदर दिसत होता की काकांना त्याच्याकडे पाहवेना. त्यांनी बूट काढले, पॅंट दुमडली आणि पाय आत घातले. चिखल नेहमीसारखाच गार आणि मऊ होता.

“आले, चिखलवाले मामा आले,” एकीने पाहिले आणि ओरडली. “आज चमचा विसरलात काय?”

“विसरतील कसे? आज हातानेच नेणार असतील,” दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला. काकांचे ते नेहमीचे स्वागत होते. एरवी ते मान खाली घालून हसत आणि पुढे सरकत.

आज ते तिथेच उभे राहिले. “शिंपल्या काढू नका,” ते म्हणाले.

“काय म्हणतात?”

“ऐकू नाही आलं, मामा. मोठ्यानं बोला की.”

त्यांनी बहिणीकडे पाहिले. ती बाजूलाच उभी होती, पण तिने तोंड उघडले नाही.

“ह्या शिंपल्या खाऊ नका,” काकांनी सांगितले, आणि स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. “चिखलात शिसं आहे. पुष्कळ आहे. पंचवीस वर्षांहून जास्त झाली. तुम्ही पत्र लिहिलं होतं ते खरं होतं. मी शून्य लिहिलं ते चूक होतं. माझी चूक होती.”

पुढच्या दोघींचे हसू आधी गेले. मागच्यांपर्यंत ते पोहोचायला वेळ लागला. तिथे अजून कोणीतरी काही विनोद करत होते, मग तेही थांबले. एकेक करून बायका कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. एक तरुण बाई आपल्या टोपलीत पाहत राहिली. तिने टोपली रिकामीही केली नाही आणि उचललीही नाही. कोणी शिवी दिली नाही. ती आली असती तर काकांना उभे राहणे सोपे गेले असते.

सगळ्यांत मागे एक म्हातारी होती. ती चिखलातून पाय उपसत उपसत त्यांच्यापर्यंत आली. तिला यायला बराच वेळ लागला आणि तोवर कोणी हलले नाही. तिने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“मला कमी ऐकू येतं,” ती म्हणाली. “आणि समजायलाही वेळ लागतो. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस.”

तिने टोपली पालथी घातली, शिंपल्या चिखलात पडू दिल्या आणि त्या पालथ्या टोपलीवर हात टेकून ती ऐकायला बसली. बाकीच्या बायका जवळ आल्या. काकांनी घसा साफ केला आणि पहिल्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली.